माझा पाच दिवसांचा किब्ला

सिंगापूरहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, कसं आहे तिकडे. स्वच्छ आहे, असं मी सांगतो. मग विचारणारा गप्प होतो, कारण एवढं त्याला आधीच माहीत असतं. जे माहीत नाही ते वाटेत उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला घेतलं. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत बसलो आणि उठलो. अक्षराला वळण नाही. पण चाळीस वर्षं मी बोटीवर सुकाणी होतो. सुकाणी म्हणजे बोटीचं चाक धरणारा. दिशा हा माझा धंदा, आणि किब्ला म्हणजे नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचीच गोष्ट आहे.

आम्ही खाडीकाठचे कोकणी मुसलमान. आमच्यात शेत थोडं आणि दर्या फार, म्हणून घरटी एक माणूस बोटीवर. माझे बाबा माझ्या आधी खलाशी होते. त्यांच्या काळात बोट सिंगापूरला लागली की माल उतरवायला आठ-दहा दिवस जायचे, आणि खलाशी शहरात फिरायला मोकळे. बाबा तिथल्या एका जुन्या मशिदीत जायचे. दर्यातून आलेल्या लोकांनी सुरुवातीलाच बांधलेली मशीद, दोनशे वर्षांची म्हणतात. बाबा घरी आले की अर्धं बोलणं त्या मशिदीचं. शेवटच्या आजारपणात मला म्हणाले, "तू तिकडे जाशील तेव्हा त्या मशिदीत दोन रकात पढ. तिथे कोणाला विचारावं लागत नाही."

रकात म्हणजे नमाजाचं एक आवर्तन. मी हो म्हटलं. काय विचारावं लागत नाही, ते मी विचारलं नाही.

सिंगापूरजवळून मी कितीदा गेलो याला मोजमाप नाही. पण माझ्या वेळेला सगळी घाई. बोट बाहेर नांगर टाकायची, तेल भरायची आणि निघायची. शहर दिसायचं, पाय लागायचा नाही. मग मी रिटायर झालो आणि बाबांना दिलेला शब्द तसाच राहिला.

यंदा सून नसीमा सुटीत गावी आली आणि म्हणाली, "अब्बा, या वेळी चलाच." मुलगा इम्तियाज बोटीवर इंजिनियर आहे, तो तेव्हा समुद्रातच होता. मी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवसांनी म्हटलं.

निघायच्या आधीच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, मी आमच्या मशिदीत चारचौघांत सांगितलं, की दोनशे वर्षांच्या मशिदीत बाबांच्या नावाने नमाज पढायला चाललोय, तिचा सवाब, म्हणजे पुण्य, मोठा असणार. जुम्म्याचं प्रवचन देणारे आमचे खतीब माझ्याहून तीस वर्षांनी लहान. म्हणाले, "चाचा, सवाबासाठी मुद्दाम प्रवास करावा अशा मशिदी तीनच. मक्केची, मदिनेची आणि जेरुसलेमची. बाकी सगळ्या सारख्या. आपली ही काय, आणि ती काय. आणि नमाज दुसऱ्याच्या नावाने होत नाही."

मी म्हटलं, "तू गेलायस तिथे?"

"नाही."

"मग मी जाऊन विचारून येतो."

लोक हसले. मी हसलो नाही. बाबा उगीच बोलणारे माणूस नव्हते. त्या मशिदीत काहीतरी जास्तीचं असल्याशिवाय ते सांगणार नाहीत, आणि ते काय आहे ते घेऊनच परत यायचं, असं मी ठरवलं होतं.

क्लेमेंटी

नसीमाचा फ्लॅट क्लेमेंटी नावाच्या भागात, अठराव्या मजल्यावर. सगळ्या इमारती सारख्या, फक्त भिंतीवरचा मोठा आकडा वेगळा. खाली कॉलेजची मुलं, भाजीची पिशवी घेतलेल्या चिनी म्हाताऱ्या, बाकावर बसलेले रिकामे म्हातारे. हे शेवटचे सगळीकडे असतात. लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. आमच्याकडे होडीत दहा मिनिटं बसलं तर माणसाच्या तीन पिढ्या समजतात.

आभाळ पहिल्या दिवसापासून भरलेलं होतं. तिकडे डिसेंबरात पाऊस असतो. सूर्य कुठे उगवतो, कुठे बुडतो, काही पत्ता नाही. पण हॉलची खिडकी मोठी, आणि खिडकीतून लांबवर बंदराच्या क्रेन आणि त्यापलीकडे नांगरलेल्या बोटी. समुद्र दिसल्यावर माझा जीव जागेवर आला. दुपारच्या नमाजाची, जोहरची वेळ झाली, मी जानमाज खिडकीकडे तोंड करून अंथरली आणि उभा राहिलो.

नमाज संपवून सलाम फेरला तर नसीमा मागे उभी. म्हणाली, "अब्बा, किब्ला तिकडे नाही. इकडे आहे, फ्रिजच्या बाजूला."

"कोणी सांगितलं?"

"मोबाईलमध्ये दिसतं. आणि आम्ही सात वर्षं इकडेच पढतो."

"तुझा मोबाईल किती वर्षं बोटीवर होता?"

ती म्हणाली, "बरं, अब्बा," आणि भाताकडे गेली.

आमच्या गावची मशीद समुद्रावर आहे. मेहराबची भिंत, जिच्याकडे तोंड करून नमाज होते, आणि तिच्यापलीकडे समुद्र. लहानपणापासून समुद्राकडे तोंड केलं की किब्ला झाला, त्यात विचार करायचं काही नव्हतं. आणि दुसरं सांगतो, फ्रिजसमोर उभं राहायला माझं मन घेईना. त्या फ्रिजवर नातीने पेंग्विनची चित्रं चिकटवली होती.

नात सना दहा वर्षांची. मराठी समजते, उत्तर बहुतेक इंग्रजीत देते. मला आजा म्हणते. दुसऱ्या दिवशी ती मोबाईल हातात सपाट धरून माझ्याभोवती फिरली आणि म्हणाली, "आजा, राँग डिरेक्शन लाह."

"लाह म्हणजे काय?"

"लाह इज लाह."

नसीमा आतून ओरडली, "सना, आजाला उलट बोलायचं नाही."

"मी उलट नाही बोलत. आजाच उलट उभा आहे."

मी त्या पोरीला सांगितलं, की तुझा बाप चालायला शिकला नव्हता तेव्हा मी सुएझमधून बोट काढली आहे. तिने विचारलं सुएझ कुठे आहे. मी खिडकीकडे बोट दाखवलं.

जुरोंग ईस्ट

नसीमाचं ऑफिस जुरोंग ईस्टला आहे. तिसऱ्या दिवशी तिने मला दुपारी जेवायला तिकडे बोलावलं. शेजारची बाई त्याच बाजूला जाणारी होती, तिने आणून सोडलं. तिकडे बाहेर खायचं म्हणजे हॉकर सेंटर. मोठं छप्पर, खाली शंभर दुकानं, मध्ये टेबलं. चिनी, मलाय, तमिळ सगळे एका छपराखाली खातात. टेबल अडवायला माणसं त्यावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट ठेवून जातात आणि ते कोणी उचलत नाही. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत खुर्चीवर माणूस बसवून ठेवला तरी जागा जाते.

मी मलाय बाईच्या दुकानातला नारळाच्या दुधातला भात खाल्ला. वर तळलेली बारीक सुकी मासळी, काकडी, आणि तिखट-गोड चटणी. चटणीत साखर कशाला घालतात ते समजलं नाही. पण मासळीचा घास घेतला आणि मला आईच्या हातचा सुकट-भात आठवला. मी दुसरी प्लेट मागितली. नसीमाने आणून दिली.

जेवण झाल्यावर आपला ट्रे आपण उचलून ठेवायचा, असा तिकडे नियम. त्यासाठी ट्रे सरकवायचे दोन वेगळे घोडे, म्हणजे रॅक, एक हलालचा आणि एक बाकीच्यांचा. नसीमा म्हणाली, "अब्बा, हिरव्या पाटीच्या बाजूला."

"मला दिसतं," असं म्हणून मी ट्रे समोरच्या घोड्यात सरकवला. पाटी निळी होती. साफसफाई करणारी एक चिनी म्हातारी आली, "अंकल, अंकल," करत तिने माझा ट्रे उचलला आणि नेऊन दुसरीकडे ठेवला. ना ती हसली ना रागावली. नसीमा तेवढ्या वेळात पिशवीत काहीतरी शोधत होती. तिला सापडलं नाही, कारण ती काही शोधत नव्हती.

त्यानंतरही मी खिडकीकडेच तोंड करून पढत राहिलो. नसीमा तिच्या खोलीत पढायची. दार अर्धं उघडं असायचं आणि तिची पाठ दिसायची. माझं तोंड एकीकडे, तिचं दुसरीकडे. एका छपराखाली दोन किब्ले.

जुनी मशीद

पाचव्या दिवशी गुरुवार होता. नसीमाने अर्धी सुटी घेतली आणि मला मशिदीत नेलं. मशीद चिनी लोकांच्या वस्तीत आहे. एका बाजूला छत्र्या आणि डुकराच्या सुकवलेल्या मांसाच्या पोळ्या विकणारी दुकानं, जवळच तमिळ लोकांचं रंगीत गोपुर, आणि मध्ये ही. दोन बुटके मनोरे, छोट्या छोट्या खिडक्यांचे, कबुतरखान्यासारखे दिसतात. मला वाटलं होतं त्याच्या निम्मी निघाली. खरं सांगायचं तर आमच्या गावच्या मशिदीचा नवा सज्जा यापेक्षा भारी आहे.

दारात टुरिस्ट लोकांसाठी हिरवे झगे टांगलेले. दोन गोऱ्या पोरी झगे घालून खांबाचे फोटो काढत होत्या. नसीमा बायकांच्या बाजूला गेली. मी वुजू केला, म्हणजे हात-तोंड-पाय धुतले, आणि आत गेलो. आत खांब जाड, पंखे सावकाश, फरशी गार. चौकड्यांच्या लुंग्या नेसलेले चार-पाच म्हातारे बसले होते. लुंगी अगदी आमच्यासारखी, चौकडीसुद्धा तीच. क्षणभर गावात बसल्यासारखं वाटलं, आणि ते मला आवडलं नाही. एवढ्या लांब मी गाव बघायला आलो नव्हतो.

मग माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. अंगणाची भिंत रस्त्याला धरून सरळ, आणि नमाजाचा हॉल मात्र तिरपा. कोणीतरी खोक्यात दुसरं खोकं वाकडं ठेवावं तसा. कोपऱ्यात तिकोनी जागा वाया गेलेली.

एक म्हातारा झाडू घेऊन आला. तो तिथला बिलाल होता. बांग देणाऱ्याला तिकडे बिलालच म्हणतात. त्याचा आजा तमिळ मुलखातून आला होता, आणि त्याने स्वतः बंदरात वॉचमनगिरी केलेली, त्यामुळे त्याला बोटीवरची मोडकी हिंदी येत होती. आमचं बोलणं त्या हिंदीत झालं, मी मराठीत लिहितो.

मी म्हटलं, "ही भिंत वाकडी का बांधली?"

तो म्हणाला, "भिंत सरळ आहे. रस्ता वाकडा आहे."

"म्हणजे?"

"रस्ता साहेबाने आखला. किब्ला साहेबाच्या हातात नव्हता. बांधणाऱ्यांनी आधी किब्ला बघितला आणि हॉल तिकडे वळवला. जागा गेली तर गेली."

"किब्ला कुठे आहे?"

"हा काय, तुझ्या समोर. पश्चिमेला, आणि थोडा उत्तरेकडे."

मी उभा होतो तिथून विचारलं, "आणि समुद्र?"

त्याने हात माझ्या डाव्या खांद्यावरून मागे केला. "तिकडे."

"समुद्र पश्चिमेला नाही?"

"आम्ही बेटावर राहतो, भाई. समुद्र सगळीकडे आहे. बंदर दक्षिणेला."

 क्लेमेंटीची खिडकी, क्रेन, नांगरलेल्या बोटी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. नांगरलेल्या बोटी बंदरासमोर असतात हे मला कोणी सांगायला नको होतं. पाच दिवस मी दक्षिणेला सजदा केला होता. चाळीस वर्षांचा सुकाणी.

बांगेला थोडा वेळ होता. मी खांबाला टेकून बसलो आणि बिलालला बाबांबद्दल सांगितलं. दोन रकातींचं सांगितलं, खतीबांचं सांगितलं. विचारलं, या मशिदीचा सवाब जास्त की नाही?

तो म्हणाला, "तुझा खतीब बरोबर आहे. सवाबासाठी सामान बांधून निघायचं तर त्या तीन मशिदी. इथे यायला कोणी सामान बांधत नव्हतं. माणूस बोटीतून उतरायचा तेव्हा सामान हातातच असायचं."

"मग माझे बाबा इथलंच का बोलायचे?"

"ते मला कसं माहीत? काय म्हणायचे?"

"म्हणायचे, तिथे कोणाला विचारावं लागत नाही."

बिलालने झाडू भिंतीला लावला. म्हणाला, "खलाशी होता ना?"

"हो."

"मग बरोबर आहे." आणि त्याने त्या तिरप्या भिंतीवर हाताचा पंजा आपटला.

तेव्हा मला बाबांची एक गोष्ट आठवली. ती मी शंभरदा ऐकली होती, पण या मशिदीशी कधी जोडली नव्हती. बोटीवर दिशा फिरत असते. बाबांना दर नमाजाला सुकाण्याकडे जाऊन विचारावं लागायचं, आता तोंड कुठे आहे. त्यांचा सुकाणी तिरका माणूस. म्हणायचा, "काय रे, कालचा मक्का आज हलला का?" बाबा मान खाली घालून ऐकायचे, दिशा घ्यायचे, खाली जाऊन उभे राहायचे, आणि दुसरी रकात होईपर्यंत बोट वळलेली असायची. महिनोन्‌महिने हे. मग सिंगापूर लागायचं, ते या दारातून आत यायचे, आणि भिंत सांगायची. भिंत चेष्टा करत नाही आणि वळतही नाही. दोनशे वर्षांपूर्वी परक्या मुलखात उतरलेल्या लोकांनी पुढे येणाऱ्यासाठी तेवढं करून ठेवलं होतं.

मी सुकाणी झालो तो त्याच गोष्टीपायी, की आपल्याला कोणाला विचारायला लागू नये. लोक मला विचारायला यायचे. मी सांगायचो, चेष्टा न करता, पण त्यांना थोडं थांबवून.

मी बिलालला म्हटलं, "बाबांच्या नावाने दोन रकात?"

"मशिदीत आल्यावर दोन रकात पढायच्याच असतात. त्या तुझ्या. नंतर हात उचलून बापासाठी दुआ माग, ती पोचते."

मी दोन रकात पढलो. बाबांसाठी दुआ मागितली. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. शब्द दिला होता, तो पुरा झाला. मग बांग झाली, माणसं आली, बांगलादेशी कामगार, मलाय क्लार्क, तमिळ दुकानदार, आणि जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज झाली. मलाय लोक आमच्यासारखेच शाफई, म्हणजे नमाजाची आमचीच रीत पाळणारे. मुंबईच्या मशिदीत नमाजात वाकताना आम्हा कोकण्यांचेच हात उठतात, लोक वळून बघतात. इथे माझ्या दोन्ही बाजूंचे हात माझ्याबरोबर उठले.

निघताना मी बिलालला बाजूला घेऊन विचारलं, "एक माणूस आहे. त्याने पाच दिवस चुकीच्या बाजूला नमाज पढली. त्याचं काय?"

"त्याला कोणी खरी दिशा सांगितली होती का?"

"सांगितली होती."

"सांगणारा खोटारडा होता?"

"नाही. सून होती."

बिलालने मान डोलावली. "शाफई आहे ना तो माणूस?"

"आहे."

"मग त्याला सांग, सगळ्या परत पढ. आणि माझा सलाम सांग."

खतीबांना काय सांगितलं ते इथेच लिहून टाकतो. गावी आल्यावर जुम्म्याला त्यांनीच विचारलं, "काय चाचा, सवाबाचं काय ठरलं?" मी म्हटलं, "तिकडेही एक तुझ्यासारखाच आहे." ते समजले. मी त्यांना आता तू म्हणत नाही.

परत क्लेमेंटी

गाडीत नसीमाने विचारलं, "मशीद आवडली, अब्बा?" मी म्हटलं, "लहान आहे."  मला माझ्या चाकाचा विचार पडला होता. लोकांना वाटतं सुकाणी दिशा ठरवतो. मीच लोकांना तसं वाटू दिलं. खरं काम असं असतं: मागे ऑफिसर उभा असतो, तो कोर्स सांगतो. सुकाणी तोच कोर्स मोठ्याने परत म्हणतो, म्हणजे त्याला समजलं हे ऑफिसरला समजतं. मग चाक फिरवतो, आणि बोट त्या दिशेला आली की "स्टेडी" म्हणून धरून ठेवतो. का, कशाला, असं विचारत नाही. मी वीस-बावीस वर्षांच्या पोरसवद्या ऑफिसरांचे कोर्स परत म्हटले आहेत आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. घरी आल्यावर मात्र कोणाचा एक शब्द परत म्हटल्याचं आठवत नाही. बायकोचासुद्धा नाही. ती आता नाही.

घरी पोचलो तेव्हा तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, असरची वेळ झाली होती. मी वुजू केला, जानमाज घेतली आणि हॉलच्या मधोमध खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. नसीमा तिच्या खोलीकडे निघाली होती.

मी म्हटलं, "नसीमा, कोर्स सांग."

"काय, अब्बा?"

"मी चाकावर आहे. तू कोर्स सांग. तू सांगशील ते मी परत म्हणणार, मग वळणार. असंच करतात."

ती दारातच थांबली. सना पलंगावरून उठून आली, मोबाईल तिच्या हातात होता, पण तिने तो पुढे केला नाही.

"उजवीकडे, अब्बा," नसीमा म्हणाली.

"उजवीकडे."

"अजून."

"अजून."

"थोडं आणखी. बस."

समोर फ्रिज होता आणि त्यावर पेंग्विन. मागे नसीमाने आपली जानमाज अंथरल्याचा आवाज आला, तिच्या बाजूला सनाची.

"स्टेडी," मी म्हटलं, आणि हात उचलले.